साडेत्रेसष्ट अंश

मानखुर्द-गोवंडीच्या पट्ट्यात तीन वसाहती आहेत. लल्लूभाई कंपाउंड, नटवर पारेख कंपाउंड आणि पीएमजीपी कॉलनी. तिन्हीकडची माणसं साधारण एकाच थरातली: रिक्षा चालवणारी, घरकामाला जाणारी, नाक्यावर उभं राहून दिवसाचं काम शोधणारी, घरीच शिलाई करणारी. महापालिकेचा विभाग एकच, एम-पूर्व. आजारी पडल्यावर जायचं ते शताब्दी रुग्णालयही तेच. देवनारच्या कचऱ्याच्या डोंगरावरून येणारा धूर तिन्हींच्या वाट्याला येतो.

‘डॉक्टर्स फॉर यू’ या संस्थेनं आयआयटी मुंबईतल्या संशोधकांना सोबत घेऊन या वसाहतींतली चार हजारांहून अधिक घरं पालथी घातली आणि घरोघरी टीबीची चौकशी केली. हा अभ्यास २०२० साली प्रसिद्ध झाला. लल्लूभाई आणि नटवर पारेखमध्ये टीबीचं प्रमाण आठ ते दहा टक्क्यांच्या घरात निघालं, तर पीएमजीपीत ते जेमतेम एक टक्का होतं. गरिबी तीच, दवाखाना तोच आणि धूरही तोच असताना आजाराचं प्रमाण मात्र आठ-दहा पट वेगळं.

फरक होता इमारतींमध्ये. पीएमजीपीच्या इमारती बुटक्या आहेत आणि एकमेकींपासून बऱ्यापैकी लांब उभ्या आहेत. उरलेल्या दोन वसाहतींत आठ-आठ मजली इमारती जेमतेम तीन मीटर अंतरानं एकमेकींना खेटून आहेत. खिडकीतून आकाशाचा किती तुकडा दिसतो, खोलीत दिवसाचा किती उजेड पोचतो, तासाभरात खोलीतली हवा किती वेळा बदलते, हे सगळं संशोधकांनी संगणकावर मांडून पाहिलं. जितकं खालच्या मजल्यावर जावं तितका उजेड कमी, वारा कमी आणि टीबी जास्त.

हे वाचल्यापासून त्या तीन मीटरच्या पट्ट्याकडे मला साध्या नजरेनं पाहता आलेलं नाही. मुंबईत त्याला घरगल्ली म्हणतात. नकाशात ती उजेड-वाऱ्यासाठी सोडलेली मोकळी जागा असते. प्रत्यक्षात ड्रेनेजचे पाइप तिथून उतरतात, ते गळतात. कचरागाडी वेळेवर येत नाही आणि सातव्या मजल्यावरून खाली उतरायला लिफ्ट चालू असेलच असं नाही, म्हणून पिशव्या वरूनच टाकल्या जातात. मग घाण वास येतो, डास होतात, उंदीर वर चढतात. घरातली बाई अगदी रास्तपणे घरगल्लीकडची खिडकी बंद करते. ती खिडकी पुढं वर्षानुवर्षं उघडत नाही. भर दुपारी बारा वाजता घरात ट्यूबलाईट लागते आणि डोक्यावरचा पंखा तीच हवा गोल गोल फिरवत राहतो. सव्वादोनशे चौरस फुटांच्या त्या खोलीत पाच-सहा माणसं झोपतात. त्यातल्या एकाला जरी टीबी असला तरी रात्रभरात त्याच्या खोकल्यातून उडालेले कण कुठंच जात नाहीत.

टीबीचे जंतू हवेतून जातात, हे एकेकाळी वैद्यकशास्त्रालाही पटत नव्हतं. १९५०च्या दशकात अमेरिकेतल्या बाल्टिमोरमध्ये विल्यम वेल्स आणि रिचर्ड रायली यांनी टीबीच्या वॉर्डातली हवा नळातून वरच्या मजल्यावर नेली आणि तिथं ठेवलेल्या गिनीपिगांना ती श्वासातून घ्यायला लावली. गिनीपिगांना टीबी झाला. ज्या पिंजऱ्यांकडे जाणाऱ्या हवेवर आधी अतिनील किरण सोडले होते, तिथले गिनीपिग वाचले. पेरूच्या लिमा शहरातल्या रुग्णालयांमध्ये झालेला २००७चा अभ्यास याच्या पुढचा आहे. उंच छताचे, मोठ्या खिडक्यांचे जुने वॉर्ड हवेच्या बाबतीत नव्या बंदिस्त वॉर्डांपेक्षा कितीतरी चांगले ठरले, आणि खिडक्या-दारं उघडी ठेवली की हवा इतक्या झपाट्यानं बदलते की महागड्या यंत्रांनी तसं करणं अवघड जावं. उघडणारी खिडकी हे टीबीवरचं जुनं आणि स्वस्त औषध आहे. अट एकच: खिडकीबाहेर हवा असली पाहिजे.

मुंबईला हे ठाऊक नव्हतं असं म्हणता येणार नाही. शंभर वर्षांपूर्वी ते या शहराच्या कारभाऱ्यांना चांगलं ठाऊक होतं, आणि ते कळण्यासाठी शहरानं फार मोठी किंमत मोजली होती.

सप्टेंबर १८९६मध्ये डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी मांडवीतल्या एका रुग्णाच्या गाठी तपासून ही प्लेगची साथ असल्याचं सांगितलं. मांडवी म्हणजे गोदीला लागून असलेली वखारींची वस्ती. खाली धान्याची पोती आणि वर माणसं. काही महिन्यांत निम्म्याच्या आसपास शहर रिकामं झालं. ज्याला गावाकडे जाता आलं तो गेला. गिरण्यांमध्ये माणूस मिळेना. फेब्रुवारी १८९७मध्ये साथरोग कायदा आला, तोच जो आपल्याकडे २०२०मध्येही वापरला गेला. घराघरांत शिरून झडती सुरू झाली. आजाऱ्याला उचलून नेलं जाई, सामान जाळलं जाई आणि राहायला अयोग्य ठरलेल्या घरांच्या भिंतींवर इंग्रजी आद्याक्षरांचा शिक्का मारला जाई. पुण्यात काय झालं ते मराठी वाचकाला सांगायला नको. तिथंच प्लेगच्या रुग्णांची सेवा करताना १० मार्च १८९७ला सावित्रीबाई फुले गेल्या.

प्लेग उंदरांवरच्या पिसवांमुळे पसरतो, हे पॉल-लुई सिमाँ या फ्रेंच डॉक्टरनं १८९८मध्ये कराचीत दाखवून दिलं, पण ते मान्य व्हायला बरीच वर्षं गेली. तोवर अधिकाऱ्यांची समजूत अशी की रोग जागेतच मुरलेला असतो: ओलसर जमिनीत, कोंदट खोलीत, गर्दीच्या गल्लीत. इतिहासकार प्रशांत किदंबी यांनी ही समजूत आणि तिचे परिणाम फार बारकाईनं उलगडून दाखवले आहेत. जागा दोषी म्हणजे जागेत राहणारा दोषी, अशी ती घसरण होती. प्लेगच्या बाबतीत हे शास्त्र चुकीचं होतं. पण त्यातूनच १८९८मध्ये बॉम्बे इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट उभा राहिला. समुद्राचा वारा शहराच्या पोटात शिरावा म्हणून प्रिन्सेस स्ट्रीट आणि सँडहर्स्ट रोड हे पश्चिमेकडून पूर्वेकडे जाणारे रस्ते त्यानं काढले, आणि आजही लोक ज्यांना बीआयटी चाळी म्हणतात त्या बांधल्या. त्यांच्यापैकीच परळच्या एका चाळीत बाबासाहेब आंबेडकर वीसेक वर्षं राहिले.

ट्रस्टनं पाडलं खूप आणि बांधलं कमी. नागपाड्यातून उठलेली माणसं शेजारच्या आधीच भरलेल्या खोल्यांत शिरली आणि गर्दी एका गल्लीतून पुढच्या गल्लीत सरकली. हा आरोप ट्रस्टवर तेव्हाही होत होता आणि तो खरा होता. पण ट्रस्टचे अध्यक्ष जे. पी. ऑर यांनी एक नियम आग्रहानं मांडला, आणि त्यासाठी मला या माणसाबद्दल आदर वाटतो. ऑर यांचं १९१२ सालचं भाषणच मुंबईतल्या घरांमधल्या उजेड-वाऱ्यावर होतं. नियम असा: तळमजल्यावरच्या खिडकीच्या पायथ्यापासून समोरच्या इमारतीच्या माथ्यापर्यंत रेघ ओढा. जमिनीशी तिचा कोन साडेत्रेसष्ट अंशांपेक्षा जास्त होता कामा नये. साध्या भाषेत, समोरची इमारत जितकी उंच, त्याच्या निम्मं तरी अंतर दोघींमध्ये हवं.

लल्लूभाई कंपाउंडमधल्या आठ मजल्यांना हा नियम लावून पाहू. उंची साधारण चोवीस मीटर धरली तर दोन इमारतींमध्ये बारा मीटर अंतर हवं. आहे तीन. कोन जातो त्र्याऐंशी अंशांवर, म्हणजे तळमजल्यावरच्या खोलीनं आकाश बघायचं तर मान जवळजवळ उभी वर करायची.

हे कोणी लपूनछपून, नियम मोडून केलेलं नाही. या वसाहती मुंबईच्या रेल्वे आणि रस्ते प्रकल्पांसाठी रुळांच्या कडेच्या आणि रस्त्यातल्या झोपड्यांमधून उठवलेल्या लोकांसाठी नियमानुसार बांधल्या गेल्या. झोपडपट्टी पुनर्वसनाच्या इमारतींना मोकळ्या जागेच्या अटींत सवलत दिली जाते, कारण प्रकल्प बांधणाऱ्याला परवडला पाहिजे. बाजारात विकायच्या इमारतीला जे अंतर सोडावं लागतं, ते फुकट घर मिळणाऱ्याच्या इमारतीला सोडावं लागत नाही. विकास नियमावलीतली आणखी एक तरतूद तर मला पुन्हा पुन्हा वाचावी लागली. पुनर्वसनाच्या भूखंडावर हेक्टरी किती घरं हवीत, याचा आकडा तिथं दिला आहे: आधी ५००, आता ६५०. हा आकडा किमान आहे. त्यापेक्षा कमी घरं चालत नाहीत. घरटी पाच माणसं धरली तर हेक्टरी सव्वातीन हजार माणसं, आणि तीसुद्धा कमीत कमी.

‘वंचना’ म्हटलं की ती दुष्काळासारखी वरून कोसळलेली वाटते. मुंबईत ती बऱ्याचदा कागदावर ठरते, कुठल्या तरी परिशिष्टाच्या कुठल्या तरी कलमात, आणि त्या कलमावर सही करणाऱ्या खात्यात आरोग्य विभागाचा माणूस नसतो. इमारतीचा आराखडा मंजूर करताना अग्निशमन दलाचा ना-हरकत दाखला लागतो. आत राहणाऱ्यांची फुप्फुसं बघणारा असा कुठलाच दाखला लागत नाही.

जुन्या मुंबईत निदान हे मोजलं तरी जायचं. १९२१च्या महापालिकेच्या आरोग्य अहवालात अर्भकमृत्यू घरातल्या खोल्यांच्या संख्येनुसार मांडले होते. एका खोलीत राहणाऱ्या कुटुंबांत दर हजार जन्मांमागे आठशेहून जास्त, तर चार किंवा जास्त खोल्यांच्या घरांत दीडशेच्याही खाली. बाळंतपणासाठी गिरणगावातल्या बायका गावी जात, त्यामुळे जन्म गावात नोंदले जात आणि मृत्यू मुंबईत. पहिला आकडा म्हणूनच फुगलेला आहे. तो निम्मा केला तरी अंगावर येतो. आज टीबीच्या रुग्णाच्या नोंदीत वय, वजन, औषधाला दाद देतो की नाही, बँकेचं खातं, सगळं असतं. तो कितव्या मजल्यावर राहतो आणि त्याची खिडकी कुठं उघडते, हे नसतं.

हवेतून जंतू शरीरात शिरला म्हणजे टीबी झालाच असं नाही. संसर्ग झालेल्या शंभरातल्या पाच-दहा जणांनाच आयुष्यात कधी तरी आजार होतो, बाकीच्यांच्या शरीरात जंतू दबून राहतो. कोणाच्या शरीरात तो दबून राहील, हे बरंचसं ताटावर ठरतं. डॉ. अनुराग भार्गव आणि डॉ. माधवी भार्गव यांनी झारखंडमध्ये केलेल्या आणि २०२३मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आलेल्या चाचणीत टीबीच्या रुग्णांच्या घरातल्या लोकांना महिन्याचं वाढीव धान्य, डाळ आणि जीवनसत्त्वाच्या गोळ्या दिल्या. त्या घरांतले नवे टीबीचे रुग्ण जवळपास चाळीस टक्क्यांनी कमी झाले, आणि फुप्फुसांच्या टीबीचे तर निम्म्याच्या आसपास. कुठलीही लस नव्हे, तांदूळ आणि डाळ. सरकारची निक्षय पोषण योजना रुग्णाला २०१८पासून महिना पाचशे रुपये देत आली, नोव्हेंबर २०२४पासून हजार. चांगलं आहे. पण हजार रुपये रुग्णाच्या नावानं येतात आणि भाजी पाच माणसांसाठी शिजते.

आता डॉक्टरांकडे येऊ, कारण इथं दोष केवळ भिंतींचा नाही. डॉ. मुकुंद उपलेकर यांनी १९९१मध्ये धारावीतल्या शंभर खासगी डॉक्टरांना टीबीचं औषध लिहून द्यायला सांगितलं. शंभर डॉक्टरांनी ऐंशी वेगवेगळ्या औषधयोजना लिहिल्या. जवळपास वीस वर्षांनी हिंदुजा रुग्णालयाचे डॉ. झरीर उदवाडिया यांनी त्याच भागात १०६ डॉक्टरांना तेच विचारलं. त्रेसष्ट प्रकारची उत्तरं आली, आणि योग्य औषध लिहिणारे निघाले फक्त सहा. याच उदवाडियांनी २०११च्या अखेरीस, तेव्हा उपलब्ध असलेल्या कुठल्याच औषधाला दाद न देणाऱ्या टीबीचे चार रुग्ण जगापुढं आणले. असा टीबी आभाळातून पडत नाही. तो अर्धवट, चुकीच्या औषधांतून घडतो.

मग लोक चुकीच्या डॉक्टरकडे का जातात? पालिकेचा दवाखाना सकाळी उघडतो आणि दुपारी मिटतो. त्याच वेळात रोजंदारी असते. केसपेपर, थुंकीचा डबा, दुसऱ्या दिवशी पुन्हा रांग, एक्स-रेला तिसरा दिवस: म्हणजे तीन दिवसांची मजुरी गेली. गल्लीतला डॉक्टर रात्री दहापर्यंत बसतो, इंजेक्शन देतो, खोकला आठवडाभर बसतो. हा आठवडा आणि त्याच्या पुढचे असे अनेक आठवडे तो माणूस त्याच खोलीत खोकत असतो. साथरोगाच्या भाषेत याला निदानातला विलंब म्हणतात. दवाखाना संध्याकाळी उघडा ठेवला तर हा विलंब किती कमी होईल, याचं गणित अवघड नाही. ‘आपला दवाखाना’ योजनेनं संध्याकाळचे तास धरले, ते मला अलीकडच्या काळातलं सर्वांत शहाणं पाऊल वाटतं.

हे टीबीपुरतंच नाही. २०२२च्या ऑक्टोबरात गोवंडीत एकाच घरातली तीन मुलं दोन दिवसांत दगावली, आणि गोवर पुन्हा आल्याचं शहराला कळलं. गोवराचा एक रुग्ण लस न घेतलेल्या बारा ते अठरा जणांना आजारी पाडू शकतो. कोविडच्या काळात लसीकरण मागं पडलं होतं, अंगणवाडी बंद होती, कुपोषित मुलांना जीवनसत्त्व ‘अ’ मिळत नव्हतं. केंद्राचं पथक आलं. सहा ते नऊ महिन्यांच्या बाळांनाही लसीचा जादा डोस द्यायचं ठरलं. साथ शहरभर गेली, पण तिची सुरुवात आणि सर्वांत मोठा भार एम-पूर्वचा होता. २००९च्या मुंबई मानवी विकास अहवालात चोवीस विभागांमध्ये हाच विभाग सर्वांत तळाला होता. तेरा वर्षांनी मुलं कुठं मरणार, हे त्या अहवालाच्या तक्त्यात एका अर्थी छापलेलं होतं.

पाण्याचंही असंच आहे. बरीच वर्षं मुंबईत नळजोडणी मिळायची की नाही, ते झोपडी कुठल्या तारखेपूर्वी उभी होती यावर ठरायचं. आधी १ जानेवारी १९९५, मग २०००. त्या तारखेनंतर आलेल्यांनी पाणी ड्रमानं विकत घ्यायचं, किंवा गटारातून गेलेल्या लांबलचक रबरी पाइपातून. पाण्याचा दाब गेला की पाइपातल्या चिरेतून गटार आत येतं आणि काविळीची, हगवणीची साथ सुरू होते. पाणी हक्क समितीनं याविरुद्ध न्यायालयात दाद मागितली आणि डिसेंबर २०१४मध्ये मुंबई उच्च न्यायालयानं सांगितलं की झोपडी बेकायदा असली तरी माणसाला पाणी नाकारता येणार नाही. महापालिकेचं ‘सर्वांसाठी पाणी’ धोरण त्यानंतर साडेसात वर्षांनी, २०२२मध्ये आलं.

कोविडनं हे सगळं काही महिन्यांत उघडं केलं. विषाणू विमानतळावरून आला, म्हणजे परदेशी जाऊ-येऊ शकणाऱ्यांबरोबर. जुलै २०२०मध्ये महापालिका, नीती आयोग आणि टाटा मूलभूत संशोधन संस्थेनं माटुंगा, चेंबूर आणि दहिसर या भागांतले तीन विभाग घेऊन रक्तातली प्रतिपिंडं तपासली. झोपडपट्टीतल्या ५७ टक्के लोकांना संसर्ग होऊन गेला होता, इमारतींमधल्या १६ टक्क्यांना. रस्ता एक, बाजार एक, आणि संसर्गात तिपटीहून जास्त फरक. बायकांमध्ये प्रमाण किंचित जास्त होतं. ‘घरीच थांबा’ हा सल्ला ज्या घरात संडास आणि नळ आहे त्या घरासाठी होता.

धारावीत तो चालणार नाही, हे जी-उत्तर विभागाच्या अधिकाऱ्यांना पहिल्या रुग्णानंतर, म्हणजे १ एप्रिल २०२० नंतर, लवकरच उमगलं. बहुतेक लोक सार्वजनिक संडासात जातात, दहा बाय दहाच्या खोलीत विलगीकरण होत नाही. म्हणून शाळा, मंगल कार्यालयं ताब्यात घेतली, संपर्कातल्या माणसांना तिकडे नेलं, जेवण दिलं, संडास दिवसातून अनेकदा धुतले. खासगी डॉक्टर पीपीई किट घालून गल्ल्यांत ताप तपासायला गेले. जागतिक आरोग्य संघटनेच्या प्रमुखांनी १० जुलैला धारावीचा जाहीर उल्लेख केला. धारावीचं कौतुक झालं ते रास्तच होतं. पण त्या यशाचा अर्थ मी असा लावतो की अधिकाऱ्यांनी काही आठवडे लोकांना जास्तीची जागा दिली. साथ सरली आणि जागा परत घेतली गेली.

आता त्याच धारावीचा पुनर्विकास सुरू आहे. ठरलेल्या तारखांआधी तळमजल्यावर राहणाऱ्यांना धारावीतच ३५० चौरस फुटांचं घर मिळेल. नंतर आलेल्यांना आणि वरच्या माळ्यांवर राहणाऱ्यांना धारावीबाहेर. त्यांच्या घरांसाठी राज्य सरकारनं २०२४मध्ये ज्या जमिनी ठरवल्या, त्यांत देवनार डम्पिंग ग्राउंडची १२४ एकर जमीनही आहे. १९२७पासून तिथं मुंबईचा कचरा पडतो आहे. तो उपसण्याचं काम महापालिकेनं काढलं आहे. जमीन एम-पूर्व विभागातच मोडते, लल्लूभाई आणि नटवर पारेखपासून फार लांब नाही.

तिथं घरं बांधायचीच असतील तर आराखडा मंजूर होण्याआधी काही गोष्टी जाहीर व्हायला हव्यात. दोन इमारतींमध्ये किती मीटर अंतर असेल. तळमजल्यावरच्या खोलीत दिवसा किती उजेड पोचेल आणि तासाला किती वेळा हवा बदलेल. हे मोजायची पद्धत आयआयटीतल्या संशोधकांनी तयार करूनच ठेवली आहे. घरगल्ली कोण साफ करणार, कचरा कितव्या मजल्यावरून कसा खाली येणार. कचऱ्याखालचा वायू आणि पाणी तपासून ती जमीन राहण्याजोगी झाल्याचा दाखला कोण देणार. दवाखाना पहिली इमारत भरण्याआधी उघडणार की पाच वर्षांनी, आणि तो रात्री किती वाजता बंद होणार. मुंबईत दरवर्षी पन्नास हजारांहून जास्त टीबीचे रुग्ण नोंदवले जातात. त्या नव्या वसाहतीतले किती त्यात भरतील, हे या उत्तरांवर ठरेल, आणि ती उत्तरं वीट रचण्याआधीच देता येतात.